लिंबूवाल्या घरची पाटी

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मी ऑफिसला जायचा रस्ता बदलते. युनिव्हर्सिटीवरून जाणारा सरळ रस्ता सोडायचा आणि हायवेने वळसा घालायचा. दहा मिनिटं जास्त लागतात, लागोत. पण या मंगळवारी हायवेवर कुठेतरी ट्रक उलटला होता, आणि फोनमधल्या बाईने मला काही न विचारता गल्लीबोळांतून फिरवून नेमकं त्याच सिग्नलला नेऊन उभं केलं.

समोरून पोरी रस्ता ओलांडत होत्या. चाळीस-पन्नास तरी असतील. फुलाफुलांचे आखूड झगे, केस कुरळे करून स्प्रेने बसवलेले, एका हातात बॅटरीवर चालणारा इवलासा पंखा, खांद्याला कापडी पिशवी. त्या पिशवीत उंच टाचांचे सँडल असतात, ते दारापाशी पोचल्यावर घालायचे. चालायचं ते साध्या चपलांनी. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि गाडीतला तापमानाचा आकडा एकशे सहा फॅरनहाइट दाखवत होता. तरी सगळ्या हसत होत्या. सगळ्यांत शेवटी जाड वेणीची एक सावळी मुलगी एकटीच चालली होती आणि तिचे ओठ हलत होते, परीक्षेला जाताना आम्ही सूत्रं पुटपुटायचो तसे. ती काय पुटपुटत होती ते मला ठाऊक होतं. स्वतःची ओळख, तीस सेकंदांत, हसत. मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा सिग्नल कधीचाच हिरवा झालेला होता.

मी नागपूरची. मला कुणी उन्हाचं कौतुक सांगू नये. पण नागपूरच्या उन्हाला निदान वाळ्याचा वास असतो, पन्ह्याचा माठ असतो, दुपारी दारं लावून पडलेलं आख्खं घर असतं. आमच्या या वाळवंटातल्या चँडलर गावाच्या उन्हाला काहीच नाही. इथे गाडीचं स्टिअरिंग धरायला मी स्वयंपाकघरातला जाड हातमोजा गाडीत ठेवते. ऑगस्टमध्ये संध्याकाळी पश्चिमेकडून धुळीची भिंत उठते, चार थेंब पडतात आणि टीव्हीवरचा माणूस त्याला मान्सून म्हणतो. पहिल्या वर्षी मी हसून हसून बेजार झाले होते. आता हसू येत नाही. आता धूळ उठली की चार वर्षांपूर्वीचा तो आठवडा तेवढा आठवतो.

त्या वर्षी आमची सई अठरा वर्षांची होती आणि तिला सोरोरिटीत जायचं होतं. सोरोरिटी म्हणजे काय हे मलाही तेव्हाच कळलं. कॉलेजातल्या मुलींचे संघ असतात, एकमेकींना बहिणी म्हणवणाऱ्या मुलींचे. प्रत्येक संघाचं स्वतःचं घर, दारावर ग्रीक अक्षरं, स्वतःचे रंग, स्वतःची गाणी. कॉलेज सुरू व्हायच्या आधी आठवडाभर निवड चालते. नव्या मुलींनी घरोघर जायचं, प्रत्येक घरात वीस-पंचवीस मिनिटं गोड बोलायचं, आणि रात्री त्या घरांनी कोण हवी, कोण नको हे ठरवायचं. सकाळी फोनवर यादी येते, आज तुला अमुक घरांनी परत बोलावलंय. बारा घरांची आठ होतात, आठांची पाच, पाचांची तीन, शेवटी दोन. कारण कुणी सांगत नाही. माझा नवरा शिरीष, पक्का पुण्याचा, हे सगळं शांतपणे ऐकून म्हणाला की हा तर मुली दाखवायचा कार्यक्रम झाला, फक्त पोहे तेवढे नाहीत. मी त्याला गप्प बसवलं.

कारण सईचा चेहरा मी बघत होते. शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत तिची एकुलती एक मैत्रीण टेक्सासला निघून गेली, तेव्हापासून ती दुपारचा डबा लायब्ररीत खायची. हे आम्हाला तिने सांगितलं नव्हतं, लायब्ररीच्या बाईंनी पालकसभेत सांगितलं, फार कौतुकाने, की तुमची मुलगी किती वाचते. त्या दिवशी घरी येताना मी गाडी रस्त्याच्या कडेला लावून रडले. त्यामुळे जूनमध्ये सईने सोरोरिटीचा अर्ज भरला तेव्हा मी एकदाही नाक मुरडलं नाही. आमच्या मराठी ग्रुपमधल्या काकूंनी नाकं मुरडली. काय तर म्हणे, पार्ट्या करतात, अभ्यास बोंबलतो. मी म्हटलं, बोंबलू दे थोडा.

जुलैभर तिने तयारी केली. बाथरूमच्या आरशापुढे हसायचा सराव चालायचा. मी कपड्यांच्या घड्या ठेवायला जायचे तर आतून तेच वाक्य सहा-सहा वेळा ऐकू यायचं, दर वेळी वेगळ्या सुरात. एकदा दार उघडंच होतं. ती माझ्याकडे न बघता आरशातूनच म्हणाली, "आई, आय जस्ट वाँट समबडी टु पिक मी." तिचं मराठी घरापुरतं चांगलं आहे, पण मनातलं बोलायचं झालं की ती इंग्रजीत जाते. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि घड्या ठेवून बाहेर आले. बाहेर येऊन बराच वेळ नुसती पलंगावर बसून राहिले.

आता खरं सांगायलाच बसलेय तर हेही सांगते. मलाही तेच हवं होतं. एकोणीस वर्षं झाली आम्हाला या गल्लीत. समोरची गोरी शेजारीण पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, एकदा तुम्हाला आमच्याकडे बोलवायलाच हवं. मी बावळट, मी खरं धरून बसले. तिच्याकडे जाताना न्यायला म्हणून चंदनाचा एक हत्ती कपाटात काढून ठेवला. तीन वर्षं तो हत्ती कपाटात वाट बघत होता. मग मी तो कुणाच्या तरी बारशाला देऊन टाकला. अजूनही ती शेजारीण हात हलवते, मीही हलवते, कचऱ्याचे डबे आत-बाहेर करताना हवामानावर बोलतो. उंबऱ्याच्या आत मी पाय ठेवलेला नाही.

त्यामुळे ती घरं मी पहिल्यांदा बघितली तेव्हा माझं डोकं फिरलं. सईला होस्टेलवर सोडायला गेलो होतो. ग्रीक अक्षरं माझ्या लक्षात राहीनात, म्हणून मी त्यांना नावं पाडली. एक कारंजेवाल्या, एक लाल दारवाल्या, एक कोपऱ्यावरच्या. आणि सगळ्यांत मोठं ते खांबवाल्यांचं. दोन मजली उंच पांढरे खांब, पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना कुंड्या, समोर हिरवंगार लॉन, तेही या वाळवंटात. त्याला लागूनच एक बसकं, विटांचं घर होतं, अंगणात लिंबाचं झाड. त्या लिंबूवाल्या. त्यांच्याकडे मी धड बघितलंही नाही. मी मान वर करून खांबच बघत होते, आणि मनात म्हणत होते की बाई गं, एकदा यांच्या दारातून तू आत जा.

आठवडा सुरू झाला आणि माझा जीव टांगणीला लागला. रोज सकाळी आठ वाजता सईचा मेसेज यायचा. कारंजेवाल्यांनी पहिल्याच दिवशी काढलं. कोपऱ्यावरच्यांनीही काढलं. तिथे एका मुलीशी ती पुस्तकांवर इतकं छान बोलली होती म्हणे, की ते घर नक्की असंच तिने धरलं होतं. मी ऑफिसात मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून बसायचे. चिपच्या चाचणीचे आकडे समोर पडद्यावर असायचे आणि माझ्या डोक्यात पाच घरं उरली की चार, एवढंच. रोज खांबवाल्या उरत होत्या. आणि रोज लिंबूवाल्याही उरत होत्या, पण त्यांना मी मोजतच नव्हते.

त्यात श्रावण. शुक्रवारी जिवतीची पूजा होती. आमच्याकडे श्रावणातल्या शुक्रवारी आई मुलांना ओवाळते, आणि मूल घरात नसलं तर चारही दिशांना अक्षता टाकते, म्हणजे जिथे असेल तिथे त्याला पोचतात. जिवतीचा कागद मी नागपूरहून आणून फ्रीजशेजारी लावलेला. माझी आई व्हिडिओवर होती, तिच्याकडे शनिवारची सकाळ उजाडलेली. त्या दिवशी पाचांतली तीन घरं उरली होती आणि खांबवाल्या त्यांत होत्या. मी आनंदाने येडी झाले होते. फोनमधलं होकायंत्र काढलं, युनिव्हर्सिटी कुठे येते ते बघितलं आणि मूठभर अक्षता सगळ्याच्या सगळ्या उत्तरेला भिरकावल्या. पलीकडून आई म्हणाली, "चारी दिशांना टाक ना बाप्पा. एकीकडेच काहून टाकतेस?" मी म्हटलं, ती कुठे आहे ते मला ठाऊक आहे. आई नुसती बघत राहिली.

शनिवारी शेवटची फेरी. दोनच घरं. खांबवाल्या आणि लिंबूवाल्या. या फेरीत मुली पांढरे झगे घालतात, मेणबत्त्या लावतात, प्रत्येक घरात एक मोठी मुलगी नव्या मुलीला घेऊन बसते आणि मनातलं बोलते. ते झालं की लगेच एका खोलीत जायचं आणि फोनवर अर्ज भरायचा, पहिली पसंती, दुसरी पसंती. तो भरल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. मी दुपारी ओट्यापाशी मटकी निवडत होते. शिरीष दुकानात गेला होता. सव्वातीनला फोन वाजला. सई बाथरूममधून बोलत होती, दबक्या आवाजात, मागे हात वाळवायच्या यंत्राची घरघर.

तिने सगळं भराभरा सांगितलं. नव्या मुलींबरोबर एक सीनियर मुलगी असते वाट दाखवायला. ती म्हणाली होती की दोन्ही नावं लिहिलीस तर कुठे ना कुठे नक्की लागशील, एकच लिहिलंस तर काही सांगता येत नाही. खांबवाल्यांकडे सगळं छान होतं, पण तिच्याशी बोलणारी मुलगी सारखी दाराकडे बघत होती. लिंबूवाल्या चांगल्या आहेत. "दे आर रिअली नाइस, आई," असं ती दोनदा म्हणाली. दोनदा. मला ते आज ऐकू येतंय. मग तिने विचारलं, "दोन्ही लिहू, की एकच?"

इथे मला माझ्या बारावीबद्दल सांगायला हवं. आमच्या वेळी इंजिनीअरिंगच्या प्रवेशाचा पर्यायांचा फॉर्म भरावा लागायचा. माझ्या बाबांनी, असू दे, असू दे करत, नऊ कॉलेजं लिहिली. मला नागपूरचं हवं होतं आणि मला नववं लागलं. चार वर्षं मी एका आडगावात, पत्र्याच्या होस्टेलात काढली. तेव्हा आमच्या अख्ख्या गल्लीची पक्की समजूत होती की खालचे पर्याय लिहिले की तेच गळ्यात पडतात. लिहायचेच नाहीत, मग द्यावं लागतं वरचं. आमच्याकडे प्रत्येक घरात असा एक फॉर्मतज्ज्ञ काका असायचा आणि प्रत्येक काका हेच सांगायचा. खरं तर माझे मार्कच तेवढे होते. नुसतं नागपूरचं एकच लिहिलं असतं तरी ते मिळालं नसतं. हे मला कळत नव्हतं असं नाही. मी स्वतः इंजिनीअर आहे, यादी कशी लावतात ते मला समजतं. पण काही गोष्टी डोक्याला कळून भागत नाही.

मी म्हटलं, "खालचं लिहिलंस की तेच गळ्यात पडेल. एकच लिही."

पलीकडे यंत्राची घरघर थांबली होती. मग सई म्हणाली, ओके. मी पुन्हा मटकीकडे वळले. मला आठवतं, मी अगदी समाधानाने मटकी निवडली. मुलीला बळ दिलं असं वाटत होतं मला. माझ्या बाबांनी जे मला दिलं नाही ते मी तिला दिलं, असं. शिरीष आल्यावर त्याला सांगितलं तर तो पिशव्या हातात घेऊन तसाच उभा राहिला. म्हणाला, ती मुलगी दोन्ही लिही म्हणत होती ना? मी म्हटलं, त्यांना काय जातंय सांगायला.

रविवारी संध्याकाळी निकाल. सगळ्या मुलींना मैदानावर बसवतात, एकाच वेळी पाकिटं फोडायला लावतात, आणि मग त्या धावत आपापल्या घरी जातात. घरापुढे फुग्यांच्या कमानी, गाणी, आरडाओरडा. आईबापांना दोरीपलीकडे उभं राहून बघता येतं. सकाळपासून सईने माझा एकही मेसेज वाचला नव्हता. मला वाटलं, फोन काढून घेतले असतील. पहिल्या दिवशी घेतले होतेच. मी खांबवाल्यांच्या रंगाचा कुडता घातला. हो, घातला. शिरीष गाडी लावायला गेला आणि मी पुढे जाऊन त्यांच्या लॉनसमोर दोरीला अगदी चिकटून उभी राहिले, फोन चित्रीकरणासाठी तयार धरून. संध्याकाळचे साडेपाच, ऊन अजून भाजत होतं. शेजारी मोठी स्ट्रॉ हॅट घातलेली एक आई होती. तिने प्रेमाने विचारलं, तुमची कुठल्या घरात? मी त्या खांबांकडे बोट करून म्हटलं, या. ती म्हणाली, माझीही. आणि तिने माझा हात दाबला. पंधरा वर्षांत असा माझा हात कुणी दाबला नव्हता.

मुली आल्या. लोंढाच आला. सगळ्यांचे झगे पांढरे, सगळ्यांचे केस उडणारे, मी प्रत्येक काळ्या केसांवर फोन रोखत होते. ही नाही. ही नाही. हॅटवालीची आली, तिने आईला मिठी मारली, दोघी रडल्या. पुढच्या आल्या. मग एकेक, धापा टाकत. मग कुणीच नाही. कमानीखाली सगळ्यांचा फोटो काढायला सुरुवात झाली, आणि मी तरी फोन धरून रस्त्याकडे बघत होते की ती मागे राहिली असेल, चपलेचा बंद तुटला असेल. हॅटवालीने वळून माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. तिने नजर काढून घेतली. मला त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्यांना कुठलंच घर मिळत नाही त्यांना सकाळीच फोन येतो हे मला नंतर कळलं. सईला सकाळी दहाला फोन आला होता.

तेवढ्यात कुणीतरी माझ्या दंडाला हात लावला. शेजारच्या अंगणातून, कुंपण ओलांडून, एक चष्मेवाली, नाकावर तीळ असलेली मुलगी आली होती. तिचं नाव एमा. लिंबूवाल्यांच्या घरात शनिवारी सईला घेऊन बसली होती ती हीच. तुम्ही सईची आई ना, तिने विचारलं. सईने तिला माझा फोटो दाखवला होता, पुरणपोळी लाटतानाचा. वीस मिनिटं ती माझ्याबद्दलच बोलत होती म्हणे. एमाच्या हातात एक पाटी होती, चांगली हातभर रुंद, पातळ लाकडाची, पिवळी, वर सईचं नाव आणि कोपऱ्यात रंगवलेलं लिंबू. यादी यायच्या आधीच तिने ती रंगवून ठेवली होती, इतकी तिला खात्री होती. ती म्हणाली, "आमच्या यादीत ती सगळ्यांत वर होती. एक जागा अजून आहे. माझ्याकडे तिचा नंबर नाही, आज मला फोन कर म्हणावं, उद्या यादी बंद होते." आणि पाटी माझ्या हातात दिली. मागच्या बाजूला तिचा नंबर लिहिलेला होता.

शिरीष गर्दीत मला शोधत होता, त्याला न भेटताच पाटी डिकीत ठेवून मी सईला शोधायला निघाले. ती होस्टेलच्या लाँड्रीत सापडली. खाली जमिनीवर बसली होती, समोर कपडे वाळवायचं यंत्र फिरत होतं आणि त्यात तो एकच पांढरा झगा गरगरत होता. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. फरशी गार होती. माझ्या तोंडात शब्द तयार होते, एमा, पाटी, आजच फोन कर, सगळं. तेवढ्यात ती म्हणाली, "इट्स फाइन, आई." आणि मग मान न वळवता, अगदी लहान असताना विचारायची तशा आवाजात म्हणाली, "आपण बरोबरच केलं ना?"

मी म्हटलं, "हो गं. अगदी बरोबर."

एकदा हो म्हटल्यावर ती पाटी मी कुठल्या तोंडाने आणणार होते? त्या पाटीवर माझी चूक पिवळ्या रंगात लिहिलेली होती. मी मनाशी म्हटलं, आज तिला शांत होऊ दे, उद्या सकाळी सांगू. सकाळी म्हटलं, दुपारी. सोमवारी संध्याकाळी मी होस्टेलच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिले, पाटी मागे डिकीतच, आणि घड्याळात यादी बंद व्हायची वेळ होऊन जाताना बघितली. मी गेले नाही. हे मी दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलं असतं तर त्या बाईचं तोंड बघितलं नसतं. नंतर ती पाटी मी गॅरेजमध्ये, माळ्यावरच्या मोठ्या बॅगांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवली. शिरीषलाही सांगितलं नाही. त्याने मला त्या फॉर्मबद्दल आजवर एका शब्दाने बोल लावलेला नाही, आणि त्याचं ते न बोलणं मला रोज ऐकू येतं.

माझी आई म्हणते तसं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. फरक एवढाच की धुपाटणं माझ्या हाती आलं असतं तर मी ते निमूट घेऊन बसले असते. ते आलं पोरीच्या हाती.

सई शिकली. चांगले मार्क मिळवले. पहिली दोन वर्षं दर शुक्रवारी दुपारी तिचा मेसेज यायचा की मला न्यायला ये, आणि रविवारी रात्रीपर्यंत ती घरीच असायची. आमच्या ग्रुपमधल्या बायका म्हणायच्या, तुमची किती घरात रमते हो, आमच्या तर सुट्टीतसुद्धा येत नाहीत. मी हसून मान डोलवायचे. शुक्रवारी तिची खोली झाडायचे, मटकीची उसळ करायचे, आणि ती आली की बरं वाटायचं आणि त्या बरं वाटण्याचीच लाज वाटायची. अठरा-वीस वर्षांची मुलगी शुक्रवारी संध्याकाळी आईबापांबरोबर सोफ्यावर बसून मराठी मालिका बघते, यात कौतुक कसलं? तिला घेऊन येताना त्या लिंबाच्या झाडावरूनच यावं लागायचं. हिवाळ्यात झाड लिंबांनी लगडायचं, अंगणात खुर्च्या टाकून मुली गप्पा मारत बसलेल्या असायच्या. सई मागे फोनमध्ये डोकं घालून बसायची. मी सिग्नलला थांबायला लागू नये म्हणून देवाचा धावा करायचे.

या मे महिन्यात तिचं शिक्षण संपलं. ओहायोमध्ये, डब्लिनला, तिला नोकरी लागली. गेल्या शनिवारी ती निघणार होती. गुरुवारी संध्याकाळी गॅरेजमधून मोठ्या बॅगा काढायच्या होत्या. मी म्हटलं, मी काढते. ती म्हणाली, तुझी कंबर, आणि शिडी लावून चढलीसुद्धा. मी आत पोळ्या टाकत होते. डोक्यात काहीतरी लख्खकन झालं आणि मी तव्यावर पोळी तशीच टाकून धावले. मी पोचले तेव्हा ती शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसली होती. पाटी मांडीवर. धूळ तिने हाताने पुसली होती, नाव स्वच्छ दिसत होतं. मग तिने ती उलटी केली आणि मागचं वाचलं.

तिने विचारलं, ही केव्हापासून इथे आहे? मी सगळं सांगितलं. दोरी, हॅटवाली, एमा, एक जागा, सोमवारची संध्याकाळ. काही लपवलं नाही. सांगताना मीच रडत होते, ती नाही. आतून पोळी जळल्याचा वास येत होता आणि दोघींपैकी कुणी उठलं नाही. शेवटी मी म्हटलं की मला वाटलं तुला ते मोठं घरच हवं होतं, म्हणून मी एकच लिही म्हटलं. त्यावर तिने माझ्याकडे बघितलं, आणि यावेळी ती इंग्रजीत गेली नाही.

"आई, मला एकच लिहायचं असतं तर मी तुला फोन कशाला केला असता?"

चार वर्षांत हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नव्हतं. ती बाथरूममध्ये उभी राहून लिंबूवाल्या चांगल्या आहेत असं दोनदा म्हणाली होती. तिला ते घर आवडलं होतं. तिला फक्त आईने चालेल म्हणायला हवं होतं, की विटांचं असलं तरी चालेल, बसकं असलं तरी चालेल, तुला आवडलं ना, मग झालं. खांब मला हवे होते.

सई शिडीवरून उठली. बॅग उघडून पाटी तिच्यात बसते का बघितली. आडवी धरून बघितली, तिरकी धरून बघितली. बसली नाही. मग तिने ती गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवली, यावेळी तोंड बाहेर करून, आणि बॅगा घेऊन आत गेली. शनिवारी विमानतळावर तिने मला मिठी मारली. नेहमीसारखीच मारली, की नेहमीपेक्षा थोडी कमी, ते मी अजून ठरवू शकलेले नाही. पोचल्यावर तिने शिरीषच्या फोनवर कळवलं.

पाटी तिथेच आहे. गाडी आत घेताना दिव्याचा उजेड आधी तिच्यावर पडतो. हलवायची माझी छाती होत नाही.

काल श्रावणातला शुक्रवार होता. पूजा झाली. आई व्हिडिओवर होती, आता तिला नीट दिसत नाही, पण आवाजावरून तिला सगळं कळतं. तिने विचारलं, पोर कुठे असते आता. मी सांगितलं, ओहायोला, इथून पूर्वेकडे. मूठभर अक्षता घेऊन मी उभी राहिले. होकायंत्र फोनमध्येच होतं. फोन मी ओट्यावर पालथा ठेवला आणि चारही दिशांना अक्षता टाकल्या. एकच दिशा धरायची आता माझी हिंमत नाही.